नांगर टाकताना निघण्याची तयारी

आपल्या गोंदिया जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी शिडाची नौका फक्त चित्रात पाहिली असेल. मग नौकेच्या नांगराविषयी आपण कशाला वाचायचे, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर देण्यापूर्वी माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आम्ही काही शिक्षक व विद्यार्थी नवेगावबांधच्या तलावावर गेलो होतो. हा तलाव डोंगरांच्या कुशीत पसरलेला असून त्याचे पाणी दूरवर दिसते. एका ढिवर काकांचा डोंगा घेऊन आम्ही पाण्याची खोली मोजत होतो. दुपारी जेवणासाठी काठावर आलो तेव्हा डोंगा बांधण्याचे काम मी अंगावर घेतले. दगडी काठाजवळच्या एका खुंट्याला मी दोर गुंडाळला, एकावर एक अशा तीन घट्ट निरगाठी मारल्या आणि मोठ्या समाधानाने जेवायला बसलो.

अर्ध्या तासात आकाश काळवंडले आणि वारा एकदम फिरला. आतापर्यंत तो काठाकडून पाण्याकडे वाहत होता, आता पाण्यावरून काठाकडे येऊ लागला. लाटा उठल्या आणि डोंगा दगडांवर आपटू लागला. काका धावत आले. डोंगा सोडून जवळच्या गाळाच्या काठाला नेला असता तर तो वाचला असता, पण दोर ओला होऊन फुगला होता आणि प्रत्येक लाटेसरशी गाठ अधिकच आवळत होती. ती सुटेना. कोयता आणेपर्यंत डोंग्याच्या एका बाजूला भेग पडली होती. त्या डोंग्यावर एका कुटुंबाची भाकरी अवलंबून होती. दुरुस्तीचा खर्च आम्ही दिला, पण मासेमारीचे गेलेले दिवस काही परत देता आले नाहीत.

काका रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “सर, गाठ बांधतानाच सोडायचा इचार करा लागते.”

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसाला हे वाक्य विसरता येण्यासारखे नव्हते. समुद्रावरचे अनुभवी तांडेलही नेमके हेच सांगतात. जागा भरवशाची नसेल, तर नांगर टाकतानाच तेथून निघण्याची तयारी करून ठेवायची. ही तयारी का लागते आणि ती कशी करतात, हे आता पाहू.

नांगर धरतो कसा?

शेतातले नांगर आणि नौकेचा नांगर यांना मराठीत एकच शब्द आहे, आणि हा योगायोग मोठा बोलका आहे. नौका नांगराच्या वजनामुळे जागेवर राहते असे अनेकांना वाटते. पण विचार करा. चार टन वजनाच्या नौकेचा नांगर फार तर पंधरा-वीस किलोग्रॅमचा असतो. एवढ्या वजनाने ती थांबणार कशी?

नांगराचा फाळ तळाच्या चिखलात किंवा वाळूत रुततो आणि पुढची माती त्याला अडविते. दोराची ओढ जमिनीला समांतर असली की फाळ अधिकच खोल जातो. याउलट ओढ वरच्या दिशेने लागली तर फाळ उचकटून बाहेर येतो. शेताच्या कडेला बैल वळविताना शेतकरी नांगर वर उचलतो आणि फाळ सहज मोकळा होतो, हे तुम्ही पाहिलेच असेल.

म्हणून नांगराचा दोर जितका लांब तितका चांगला. समजा, पाणी ५ मीटर खोल आहे आणि दोर जेथे बांधला आहे ती जागा पाण्यापासून १ मीटर उंच आहे. म्हणजे तळापासूनची उंची ६ मीटर झाली. दोर १८ मीटर सोडला व तो ताठ झाला, तर त्याचा तळाशी होणारा कोन सुमारे साडेएकोणीस अंश येईल. तोच दोर ४२ मीटर सोडला तर कोन फक्त आठ अंशांच्या आसपास राहील. (उंचीला दोराच्या लांबीने भागले की कोनाची साइन मिळते. स्वतः गणित करून पाहा.) नांगराजवळ दोराऐवजी काही मीटर लोखंडी साखळी जोडतात. ती आपल्या वजनाने तळावर पडून राहते आणि ओढ आडवी ठेवण्यास मदत करते.

आता यात भरतीचा विचार करा. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या वेळी ओहोटी व भरती यांच्या पातळीत सुमारे चार मीटरांचा फरक पडतो. ओहोटीच्या वेळी ६ मीटर असलेली उंची सहा तासांनी १० मीटर होईल. १८ मीटर दोराचा कोन साडेएकोणीसवरून जवळजवळ ३४ अंशांवर जाईल. नौका हललेली नाही, दोर कोणी ओढलेला नाही, तरीही नांगराची पकड कमी झालेली आहे! रात्री झोपलेल्या खलाशाला याची खबरही लागत नाही.

मग सगळ्यांनी ४२ मीटर दोर का सोडू नये? कारण वारा फिरला की नौका नांगराभोवती फिरते. ४२ मीटर दोरावर बांधलेल्या नौकेला फिरण्यासाठी ऐंशी मीटरांहून अधिक व्यासाचे मोकळे वर्तुळ हवे. अरुंद खाडीत, खडकांजवळ किंवा इतर नौकांच्या गर्दीत एवढी जागा मिळत नाही. ज्या ठिकाणी जहाजे नांगर टाकून उभी राहतात त्याला नांगरवाडा म्हणतात. जेथे तळ खडकाळ आहे, जागा अपुरी आहे किंवा एखाद्या दिशेने वारा व लाटा थेट आत येऊ शकतात, तो नांगरवाडा बिनभरवशाचा समजावा.

वाऱ्याचा वर्ग

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. हवेची घनता दर घनमीटरला सुमारे १.२ किलोग्रॅम असते. सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ६० न्यूटन बल लावतो. नौकेचा वाऱ्याला अडविणारा भाग ८ चौरस मीटर धरला तर एकूण बल ४८० न्यूटन होईल. म्हणजे सुमारे ४९ किलोग्रॅम वजनाइतकी ओढ.

वारा दुप्पट झाला, ताशी ७२ किलोमीटर, तर ओढ चौपट होऊन १९६ किलोग्रॅमवर जाईल. तिप्पट झाला तर ती नऊपट, म्हणजे ४४० किलोग्रॅमच्या घरात जाईल. ओढ दुप्पट होण्यासाठी तर वारा दुप्पटही व्हावा लागत नाही, तो ताशी ३६ वरून ५१ किलोमीटर झाला की पुरे. “थोडा वाढलाय वारा, बघू या” असे म्हणेपर्यंत ओढ दुप्पट झालेली असते.

लाटांचे हिसके आणखी वाईट. ४००० किलोग्रॅमची नौका सेकंदाला १ मीटर वेगाने मागे गेली तर तिची गतिज ऊर्जा २००० जूल होते. दोर एकदम ताठ होऊन ती १० सेंटिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी बल २०,००० न्यूटन येईल. तीच नौका २ मीटर अंतरात सावकाश थांबली, तर बल १००० न्यूटनच लागेल. म्हणून ताणला जाणारा नायलॉनचा दोर नांगराला उपयोगी पडतो. क्रिकेटचा चेंडू झेलताना आपण हात मागे घेतो, त्यातलेच हे तत्त्व आहे.

तीन मिनिटे वीस सेकंद

वारा ज्या किनाऱ्याकडे ढकलत नेतो तो किनारा खलाशाला सर्वांत भीतीदायक वाटतो. खोल समुद्रातील वादळात नौकेला भोवती मोकळी जागा तरी असते. किनाऱ्याजवळ ती नसते.

समजा, नौकेच्या मागे २०० मीटरांवर खडक आहेत. नांगर सुटला आणि नौका सेकंदाला १ मीटर वेगाने मागे सरकू लागली. हाती किती वेळ आहे? २०० सेकंद, म्हणजे ३ मिनिटे २० सेकंद.

आता तयारी नसलेल्या नौकेवरचे दृश्य डोळ्यांसमोर आणा. रात्र आहे. शीड गुंडाळून त्यावर कापड बांधलेले आहे आणि त्याच्या गाठी ओल्या आहेत. विजेरी सापडत नाही. वर भांडी, बादल्या, कपडे पसरलेले आहेत. मागे बांधलेल्या लहान होडीचा दोर सुकाणूत अडकला आहे. बाहेर पडण्याची वाट कोणत्या दिशेला, हे कोणालाच ठाऊक नाही. एवढे निस्तरायला पंधरा मिनिटेही अपुरी पडतील.

शिवाय शिडाच्या नौकेच्या काही अडचणी निसर्गनियमांनीच घातलेल्या आहेत. पहिली ही, की ती वाऱ्याच्या थेट विरुद्ध जाऊ शकत नाही. साधारण ४५ अंशांचा कोन ठेवून नागमोडी जावे लागते. वाऱ्याकडे २०० मीटर पुढे सरकायचे तर पाण्यातून सुमारे २८३ मीटर चालावे लागते. दुसरी अडचण सुकाणूची. सुकाणूच्या बाजूने पाणी वाहिले तरच ते नौका वळवू शकते. नांगर सुटलेल्या क्षणी नौकेला पुढचा वेग नसतो, त्यामुळे सुकाणू निरुपयोगी असते. नौका मागे जात असेल तर त्याचा परिणाम उलटा होतो!

अशा वेळी कुशल खलाशी पुढचे लहान शीड हाताने एका बाजूला वाऱ्यात उलटे धरतो. वारा त्यावर आदळून नौकेचे पुढचे टोक दुसऱ्या बाजूला ढकलतो. तोंड पुरेसे वळले की शीड सोडून नेहमीच्या बाजूला घेतात, नौका वेग घेते आणि सुकाणू कामाला लागते. कोणत्या बाजूला तोंड वळवायचे हे आधी ठरलेले असावे लागते. चुकीच्या बाजूला वळली तर ती सरळ खडकांकडे निघते.

तिसरी अडचण नांगर उचलण्याची. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात ४९ किलोग्रॅमची ओढ एकटा माणूस किती वेळ सहन करील? १९६ किलोग्रॅमची तर मुळीच नाही. म्हणून प्रसंगी नांगर उचलायचाच नाही, तो सोडून द्यायचा. दोराच्या टोकाला तरंडा बांधायचा आणि दोर पाण्यात टाकून निघून जायचे. वादळ शमले की तरंडा शोधून नांगर परत घेता येतो. यासाठी दोराचे नौकेतले टोक लोखंडी कडीने कायमचे जखडत नाहीत, सुरीने कापता येईल अशा बारीक दोरीने बांधतात. सुरीही तेथेच ठेवलेली असते.

सूर्यास्तापूर्वीची कामे

यावरून तयारी म्हणजे काय ते आपोआप कळते. सूर्य मावळण्यापूर्वी, वारा शांत असताना, पुढील कामे उरकून ठेवायची.

शीड वर चढविण्याचा दोर जोडून ठेवायचा आणि शीड आधीच लहान करून बांधायचे, कारण निघायची वेळ येईल तेव्हा वारा जोराचाच असणार. ते बांधायचे सुरगाठीने. निरगाठीत ताण वाढला की दोराचे पदर एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढते आणि गाठ बसते. सुरगाठीत दोराचा एक पदर दुमडून आत घातलेला असतो. त्याचे मोकळे टोक ओढले की तो पदर निसटतो आणि सबंध गाठ उलगडते. तुमच्या बुटाच्या नाडीची गाठ याच जातीची.

लहान होडी वर घ्यायची, सुट्या वस्तू आत ठेवायच्या, सुकाणू मोकळे करायचे. इंजिन असेल तर ते चालवून पाहायचे, पण शिडाची तयारी सोडायची नाही. भरती-ओहोटीच्या वेळा आणि हवामान खात्याचा अंदाज पाहून घ्यायचा. उजेडात होकायंत्राने बाहेर पडण्याची दिशा मोजून कागदावर लिहायची, कारण अंधारात खडक दिसत नाहीत. कागदावरचा आकडा मात्र विजेरीने वाचता येतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निघण्याची अट आधीच ठरवायची. ‘वारा पश्चिमेकडे फिरला की निघायचे’, ‘नांगर एकदा जरी सरकला तरी निघायचे’, असे दिवसा शांत डोक्याने ठरविलेले असले की मध्यरात्री वाद घालावा लागत नाही.

नांगर सरकला हे ओळखायचे कसे? किनाऱ्यावरची दोन ठिकाणे निवडायची, एक जवळचे व एक दूरचे. उदाहरणार्थ, देवळाचा कळस व त्यामागचे ताडाचे झाड. ती एका रेषेत दिसत असतील आणि थोड्या वेळाने झाड कळसाच्या उजवीकडे सरकलेले दिसले, तर झाड हललेले नसून आपणच हललो आहोत. हा पराशयाचा नियम. डोळ्यासमोर बोट धरून एकदा डाव्या व एकदा उजव्या डोळ्याने पाहा, तो तुम्हाला घरबसल्या पटेल. मात्र वारा फिरल्यावर नौका नांगराभोवती वळली तरी असा बदल दिसतो. म्हणून वेगवेगळ्या दिशांना अशा दोन जोड्या निवडतात आणि नौकेचे तोंड फिरले आहे की नाही, हेही पाहतात.

इतिहास काय सांगतो?

ही शहाणीव नवी नाही. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यासाठी आरमार समुद्र खवळण्याच्या आठ-पंधरा दिवस आधीच सुरक्षित बंदरात न्यावे, उघड्या समुद्रावर ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. यातील ‘आधीच’ हा शब्द महत्त्वाचा.

चाळीस वर्षांनी याची उलट बाजू दिसली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला. तुळाजी आंग्रे यांची गुराबे व गलबते किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकांना बांधून दाटीने उभी होती. एका जहाजावर तोफगोळा पडून आग लागली आणि ती एकावरून दुसऱ्यावर पसरत गेली. बाहेरची वाट शत्रूने अडविलेली आणि एकमेकांपासून अलग होण्यास अवसर नाही. काही तासांत ते बलाढ्य आरमार जळून गेले. तेथे संकट वाऱ्याचे नव्हते, पण जागा सोडता न येणे हेच संकट होते.

आपल्या काळातील उदाहरणे घ्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळात रत्नागिरीजवळ नांगरलेले ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटून मिऱ्या किनाऱ्यावर येऊन रुतले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रात नांगरलेल्या ‘पी-३०५’ या तराफ्यावर २६१ माणसे होती. वादळाच्या सूचना काही दिवस आधीच प्रसिद्ध झाल्या होत्या. तराफा तेथेच थांबला. १७ मे रोजी त्याचे नांगर तुटले, तो भरकटत जाऊन एका तेलमंचावर आदळला आणि शेवटी बुडाला. नौदलाने व तटरक्षक दलाने पुष्कळांना वाचविले, तरी अनेक घरांतील माणसे परत आली नाहीत. त्या तराफ्याला स्वतःचे चालकयंत्र नव्हते. ज्याला स्वतःहून निघता येत नाही त्याने तर सर्वांच्या आधी निघाले पाहिजे, हा यातला कठोर धडा आहे.

एक प्रयोग

एका मोठ्या परातीत ओली वाळू सपाट थापा. जाड तारेचा मासे धरण्याच्या गळासारखा आकडा वाकवून त्याला दोरा बांधा आणि दोऱ्याचे दुसरे टोक तुमच्या शाळेतील स्प्रिंग-तराजूला अडकवा. आकडा वाळूत किंचित रुतवून प्रथम दोरा जवळजवळ आडवा ठेवून हळूहळू ओढा. आकडा सरकू लागताना तराजू किती दाखवितो ते लिहा. नंतर १५, ३० व ४५ अंशांचे कोन ठेवून तेच करा. प्रत्येक कोनासाठी पाच वेळा मापन करून सरासरी काढा आणि आलेख काढा. मग वाळूऐवजी चिखल व बारीक खडी घेऊन पाहा. कोणत्या तळावर नांगराचा भरवसा धरावा, हे तुमचा आलेखच सांगेल.

यानंतर आणखी एक काम करा. एक दोर निरगाठीने व एक सुरगाठीने खुंट्याला बांधा, दोन्ही पाण्यात भिजवा, जोराने ताणा आणि मित्राला घड्याळ लावायला सांगून सोडून पाहा.

त्या घटनेनंतरच्या हिवाळ्यात मी पुन्हा नवेगावबांधला गेलो. तोच डोंगा काठाला होता. भेगेवर ठोकलेली पट्टी अजून नवी दिसत होती. काकांनी दोर माझ्या हाती दिला आणि बाजूला उभे राहिले. मी सुरगाठ मारली. त्यांनी मोकळे टोक धरून एक ओढ दिली, गाठ क्षणात उलगडली. “आता जमली,” म्हणाले, आणि पुन्हा बांधायला सांगितले.